तांब्यावरची कृष्णा



मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टचं निमित्त झालं आणि मी घराण्याची वंशावळ कॉम्प्युटरवर चढवायला घेतली. न्यू जर्सीत बसून हे जमेल असं वाटलं होतं! आमच्याकडे थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत. त्यामुळे विष्णू हरी, हरी विष्णू, परत विष्णू हरी. त्यात सुनेनं सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, म्हणून त्या नावाच्या नातवाला घरात हाक नाना नाहीतर तात्या. कागदावरचा हरी म्हणजे गोष्टींतले कोणते तात्या, हे जुळवण्यातच महिना गेला.

खरी गाठ बसली ती पणजीपाशी. श्राद्धात आई, आजी, पणजी यांचीही नावं घ्यावी लागतात, म्हणून आजोबांनी ती वहीत लिहून ठेवलेली. त्यात त्यांच्या आईचं नाव पार्वती. पण वाईच्या घरी माळ्यावर एक पितळी तांब्या आहे, त्यावर कोरलंय 'कृष्णा, वैशाख शके १८३३'. शकात ७८ मिळवा, १९११ साल. पणजोबांच्या लग्नाचं! त्या काळी बायका बाळंतपणात जायच्या, पुरुष दुसरं लग्न करायचे. मी आपला दोन बायका मांडून मोकळा. आजोबा दोघींपैकी कुणाचे, यावर चुलतभावाशी फोनवर भांडूनही झालं.

शेवटी आजीला फोन लावला. ती ९३ वर्षांची, पणजीची सून.

"दोन कुठल्या रे? एकच. सासूबाई माहेरच्या कृष्णा. इकडे नणंदही कृष्णाच, मग लग्नात ताटातल्या तांदळावर पार्वती लिहिलं. तो तांब्या मला कधी घासू दिला नाही त्यांनी. स्वतः घासायच्या."

चुलतभावाला सॉरी म्हटलं. असो. पण तेव्हा ध्यानात आलं, की आजीचं माहेरचं नाव मला तरी कुठे माहितेय? विचारलं.

"काय करायचंय तुला?" मग इतका वेळ काही नाही, की मला वाटलं फोन कटला.

"दुर्गा," ती म्हणाली. "भाऊ गेल्यापासून कुणी हाक नाही मारली."

आता प्रत्येक बाईच्या चौकटीत दोन्ही नावं घालतोय. पणजीच्या सासूबाईंचं माहेरचं नाव मात्र आजीलाही ठाऊक नाही. तिथे एक ओळ रिकामी सोडली आहे.