जुनी बुलेट, जुना घाट

पनवेलहून दुचाकीवर पुण्याला निघायचं तर द्रुतगती मार्ग बंद. पळस्पे फाटा, चौक, खोपोली आणि मग शिंग्रोबाचा घाट. जुन्या बुलेटला हाच रस्ता शोभतो.

१९५५ पासून मद्रासमध्ये बनू लागलेल्या या ३५० बुलेटचं इंजिन ३४६ सीसीचं, एकाच सिलिंडरचं. बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी. अश्वशक्ती जेमतेम १८, पण लांब स्ट्रोकमुळे कमी फेऱ्यांतही ओढ दमदार. म्हणून चढावर ती धापा टाकत नाही. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. नवख्याने आधी मोकळ्या मैदानात सवय करावी.

किक मारण्याचं तंत्र हातापायात भिनावं लागतं. चावी फिरवून किक हळूच दाबत जा. अँपिअर मीटरचा काटा मधोमध आला की डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) ओढा, किक किंचित पुढे सरकवा, डीकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या. आता पूर्ण वजनाने मारा. घाई केलीत तर उलटा झटका थेट घोट्याला.

कागदपत्रांचंही पाहा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच मुभा. मनसोक्त फिरायचं असेल, तर साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी वेळेत नूतनीकरण करून जपा.