आधी ‘नीर’, मग ‘पाणी’

आमच्या गल्लीतले एक काका स्कूटरवरून पडले. हेल्मेट घरी खुंटीला होते. मेंदूला मार बसला, बरेच दिवस वाचा गेली. मग एका सकाळी ते पहिला शब्द बोलले, “नीर.” काकू पेल्यातून पाणी देता देताच रडल्या. “तीस वर्षे यांच्याशी मराठीत संसार केला, आणि मागितले काय, तर नीर!”

काकूंचे वाईट वाटणे आपल्याकडे कोणालाही समजेल. घरी मराठी, बाजारात कानडी, अशीच आपली घरे. पण यात मायेचा संबंध नाही. आणि राजकारणाचा तर मुळीच नाही! दोन भाषा येणाऱ्याची वाचा गेली तर कोणती आधी परतते, हा प्रश्न जुना आहे. फ्रान्सच्या रिबो यांचे मत होते की लहानपणी शिकलेले शेवटपर्यंत टिकते. १८९५ मध्ये तिथल्याच डॉक्टर पित्र यांनी सांगितले की आजारापूर्वी जी रोज तोंडात असे, ती आधी येते. पुढे दोन्ही तऱ्हेचे रुग्ण आढळले. पुष्कळांच्या दोन्ही भाषा बरोबरीने सुधारतात. काका दिवसभर पेठेतल्या दुकानात कानडीत भाव सांगत. पित्र यांचे म्हणणे त्यांना लागू पडले, इतकेच.

“आता एकच भाषा बोला, गोंधळ होईल,” असा सल्ला शेजारीपाजारी देतात. तो मानण्याचे कारण नाही. वाचा-उपचार करणाऱ्याला दोन्ही भाषा सांगाव्यात, दोन्हींत तपासून घ्यावे. म्हैसूरला वाणी व श्रवणाची केंद्रीय संस्था आहे, बंगळूरला निम्हान्स आहे. वाचा कायमची अधू राहिली, तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात तिचीही नोंद आहे. प्रमाणपत्र मिळू शकते.

खरी अडचण पुढची. काका चालू लागले, तसे लोक म्हणू लागले, “बरे झाले की!” दिसायला बरेच. पण चौघे एकदम बोलले की ते गांगरतात, लवकर दमतात, कधी विनाकारण चिडतात. गणपतीत स्पीकर लागला तेव्हा कानांवर हात ठेवून आत जाऊन बसले. त्यावर “माणूस बदलला, गर्व आला” अशी कुजबुज झाली. दुखापतीचा राग माणसाच्या खाती मांडायचा, हे मला तरी पटत नाही. मंडळाच्या मुलांनी मात्र दुसऱ्या दिवशी स्पीकरचे तोंड फिरवले. कोणी सांगितले, ते अजून कळलेले नाही.

गुरुवारच्या भजनात ते पुन्हा बसतात. गंमत म्हणजे बोलताना शब्द अडतो, गाताना अभंग सरळ येतो. अशा रुग्णांत हे पुष्कळदा दिसते. भजन संपल्यावर एकेकानेच बोलायचे, छोटे वाक्य बोलायचे आणि उत्तरासाठी थांबायचे, एवढे मंडळी शिकली. थांबणे सर्वांत अवघड गेले.

मुलाने हिशोब स्वतःकडे घेतला, तराजू वडिलांकडे ठेवला. परवा एका म्हातारीने कानडीत तूरडाळीचा भाव विचारला. काकांनी बराच वेळ घेऊन मराठीत सांगितला. तिने मुकाट्याने पदराची गाठ सोडली आणि पैसे मोजू लागली.