चार वर्षांच्या मुलीचे वेळापत्रक

मागच्या महिन्यात वरणगावच्या माझ्या दवाखान्यात एक आई आली. बरोबर मूल नव्हते, हातात वहीचे एक पान होते. त्यावर तिच्या साडेतीन वर्षांच्या मुलाचा दिवस सकाळी ६ पासून रात्री ९ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाने आखलेला होता. "डॉक्टरसाहेब, याला मी बालवाडीत घालणार नाही. सहा वर्षांचा होईपर्यंत घरीच शिकवणार आहे. यात काही राहिले का, तेवढे पाहा," ती म्हणाली.

मी पान वाचले आणि मला हसू आले. बाई जरा नाराज झाल्या. पण हसू त्यांचे नव्हते, माझे मलाच आले होते. दोन वर्षांपूर्वी असेच एक पान मी स्वतः लिहिले होते. औषध कंपनीच्या कॅलेंडरची मागची कोरी बाजू, पट्टीने मारलेल्या रेघा आणि लाल शाई. वाचकहो, आज त्या पानाची हकीकत सांगतो, कारण त्यात एका डॉक्टरची फजिती आहे आणि तिचा तुमच्या घरी उपयोग होईल.

माझी नात तेव्हा चार वर्षांची होती. मुलगा फॅक्टरीत नोकरीला, सून घरी. शाळेची घाई करायची नाही असे दोघांनी ठरवले होते. शेजारीपाजारी विचारत, "असे चालते का हो?" चालते. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला बालवाडीत पाठवलेच पाहिजे अशी सक्ती त्यात नाही. घरी ठेवायचे की अंगणवाडीत पाठवायचे, हे ज्याने त्याने पाहावे. आमच्या घरी प्रश्न वेगळाच होता. दिवसभर हिचे करायचे काय? ते काम मी हौसेने अंगावर घेतले.

६.३० ला उठणे. ७ ला दूध. ७.१५ ला अंघोळ. ७.३० ते ८ मुळाक्षरे, ८ ते ८.३० अंक. मग नाश्ता, गाणी, चित्रकला, असे रात्रीपर्यंत. पहिले आठ दिवस फार झोकात गेले. मी भेटेल त्याला ते पान दाखवत असे.

तिसऱ्या आठवड्यात नातीचे पोट दुखू लागले. रोज साडेसात वाजता, मुळाक्षरांच्या पाटीसमोर बसले की बेंबीपाशी हात धरून रडणे. मी पोट तपासले असते तर बरे झाले असते. पण घरच्या पेशंटला कोण तपासतो? "अभ्यास नको म्हणून नाटक आहे," असा माझा निकाल. मग जंताचे औषध दिले. फरक नाही. चार दिवसांनी पत्नीने मला बाजूला घेतले. तिने दोनच गोष्टी सांगितल्या. पोरगी चार दिवस संडासला गेलेली नाही, आणि चड्डीला थोडे थोडे डाग लागतात. सून समजत होती की पोट बिघडले आहे, जुलाब होत आहेत.

हे जुलाब नव्हते. मोठ्या आतड्यात कडक मळ साठला की त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो आणि मुलाला ते कळतही नाही. दवाखान्यात मी हे आयांना शंभर वेळा समजावून सांगितले असेल. स्वतःच्या घरात मात्र मला ते सर्वांत शेवटी कळले.

कारण शोधायला लांब जावे लागले नाही, कारण कॅलेंडरच्या मागे लाल शाईत लिहिलेले होते. पोटात अन्न गेले की थोड्याच वेळात मोठे आतडे हालचाल करू लागते. निसर्गाने शौचाला ठेवलेली ही वेळ, खाल्ल्यानंतरची दहा-वीस मिनिटे. मी त्या वेळेला मुलीला अंघोळीला लावत होतो आणि लगेच पाटीवर बसवत होतो. कळ आली की ती दाबायची, मांड्या आवळून बसायची. दोन-तीनदा दाबले की मळ कडक होतो, कडक झाला की दुखते, आणि दुखते म्हणून मूल आणखी दाबते. हे चक्र एकदा सुरू झाले की महिनोन्‌महिने चालते.

दुसरे कारण दुधाचे. सकाळी एक मोठा पेला, दुपारी एक, रात्री झोपताना एक. मोजले तेव्हा दिवसाचे पाऊण लिटर भरले. आपल्याकडे मूल जेवले नाही तर "दूध तरी घे" म्हणतात. त्याने पोट भरते, भाकरी-भाजी मागे पडते, चोथा पोटात जात नाही. शिवाय दुधात लोह फारच थोडे असते. नातीचे रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ९.१ निघाले. या वयात ते ११ च्या खाली नसावे. चिडचिड, माती खाणे, लवकर दमणे ही सगळी लक्षणे माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती हट्टीपणाच्या खात्यावर टाकली होती. या वयाला दिवसाला दोन लहान पेले, म्हणजे साधारण ४०० मिलिलिटर दूध पुष्कळ झाले. आणि जेवणाबरोबर चहा मुळीच नको. चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळले तर ते जास्त लागते. मेथीची भाजी, डाळ, कळण्याची भाकरी आणि लिंबाची फोड, आपल्या खान्देशी ताटात काय कमी आहे? केळीच्या मुलखात केळ्याबद्दल मी सांगू नये, पण जेवणाऐवजी केळे नको, जेवणानंतर चालेल.

असो. ते कॅलेंडर मी उतरवले. नातीला मळ मऊ करणारे औषध काही महिने द्यावे लागले, लोहाचे औषध दिले, आणि दिवस नव्याने बसवला. या वेळी तो पत्नीने आणि सुनेने बसवला. मी फक्त ऐकले.

पहिला बदल असा की घड्याळ काढून टाकले आणि क्रम ठेवला. चार वर्षांच्या मुलाला साडेसात म्हणजे काय ते कळत नाही. 'नाश्ता झाला की संडास, संडास झाला की अंघोळ, अंघोळ झाली की देवाला फूल' हे मात्र पक्के कळते. दहा मिनिटे मागेपुढे झाली तर कोणाचे बिघडत नाही. संडासात पायाखाली पाट ठेवला. लहान मुलांना मोठ्या भांड्याची भीती वाटते, पाय लोंबकळत असले तर जोर लागत नाही. पाच-दहा मिनिटे बसायचे, झाले तर झाले. रागवायचे नाही. घरी एरंडेल, साबणाची वडी असले उपाय तर अजिबात करायचे नाहीत.

दुसरा बदल, मुळाक्षरे बंद. मला हे जड गेले. पण ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केले तेव्हा सुरुवात पाटी-पेन्सिलीने केली नव्हती. त्यांचे काम मुलांच्या अंगणातच चाले. नखे काढणे, केस विंचरणे, हातपाय धुणे हाच पहिला पाठ. मग गाणी, गोष्टी, आणि खेळायला आसपासच मिळणारे दगड, पाने, बिया, शिंपले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि १९५७ पासून ते काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले. अंगणवाडी हे आज देशभर चालणारे नाव त्यांच्याच कामातून आले. म्हणजे आमच्या घरात ज्या गोष्टी मी अभ्यासाच्या आड येणारी कटकट समजत होतो, त्याच या बायांनी अभ्यास म्हणून मांडल्या होत्या.

तेव्हा नात आता सकाळी आजीबरोबर असते. मटार सोलते, कणकेचा गोळा मळते, कपड्यांचे चिमटे दोरीला लावते, वाटीने तांदूळ मोजते. बोटांत जोर आल्याशिवाय पेन्सिल नीट धरता येत नाही, आणि तो जोर या कामांतून येतो. शेंगा फोडायलाही बसते. पण इथे एक सूचना. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे खायला देऊ नका. हसता-पळताना दाणा श्वासनळीत जातो आणि जीवावर बेततो. कूट करून द्या. आजीशी बोलणे सगळे लेवा बोलीत. सुनेला आधी वाटे, मुलगी शुद्ध बोलायला कधी शिकणार? ती आता दोन्ही बोलते. ज्या भाषेत मूल भरभरून बोलते तिच्यातच त्याची बुद्धी वाढते. बाकीच्या भाषा मागून येतात.

एका जागी बसून करायचे काम दहा-पंधरा मिनिटांचे. या वयात लक्ष तेवढेच टिकते. बाकी वेळ पळायचे, चढायचे, उड्या मारायच्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला तीन तास हालचाल सांगितली आहे, त्यातला तासभर तरी चांगला दम लागेल असा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या घरात जातो. तेव्हा हे गणित बदलते. खेळ सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी उन्हे कलल्यावर. दुपारी ओल्या पोत्याजवळ, कूलरपुढे गोष्टी आणि झोप. जानेवारीत नेमके उलटे, उन्हातच सोडा. बारा महिने एकच वेळापत्रक खान्देशात चालणार नाही.

झोपेचे मात्र बारा महिने तेच. तीन-चार वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत १० ते १३ तास झोप हवी, दुपारची धरून. सरकारनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले, ते मुलांच्या झोपेसाठीच. आमच्या घरी अडचण ड्यूटीची होती. बाप उशिरा घरी आला की पोरगी त्याच्यासाठी जागी राहायची, साडेदहा-अकरा होत. बापाला भेटू नको असे कसे म्हणणार? शेवटी असे ठरले की ज्या आठवड्यात त्याला उशीर होतो त्या आठवड्यात सकाळची अंघोळ तो घालील. मुलीने ते लगेच मान्य केले. मुलालाच जरा वेळ लागला.

मोबाइलविषयी थोडक्यात. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचे सांगणे असे की दोन वर्षांच्या आत मुळीच नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला एका तासाच्या वर नको. जेवताना तर नकोच. पडद्याकडे पाहत गिळणाऱ्या मुलाला भूक आणि पोट भरणे या दोन्ही गोष्टी कळेनाशा होतात. आमच्या घरी हा नियम मोडणारा माणूस मीच होतो, हेही लिहून टाकतो.

पोटदुखी दर वेळी साधीच असते असे मात्र नाही. मूल झोपेतून दुखून उठत असेल, हिरवी उलटी होत असेल, पोट फुगून टणक झाले असेल, शौचात रक्त दिसत असेल, ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

त्या आईच्या पानावर मी सगळ्या वेळा खोडल्या नाहीत. सकाळची मुळाक्षरे तेवढी खोडली आणि तिथे लिहिले, 'नाश्त्यानंतर संडास, घाई नाही.' रात्रीच्या दुधाचा पेला अर्धा केला. बाईंनी पान उलटसुलट पाहिले आणि विचारले, "मग अभ्यासाचे काय?" मी म्हटले, "उद्या मुलालाच घेऊन या. आधी त्याचे वजन-उंची घेऊ."