कोटवाल्या काकांचं पेंडिंग काम

रात्रीचे दोन. हॉस्टेलची खोली, एक लॅपटॉप, चार डोकी. स्क्रीनवर आपल्या हिरोची अवस्था बिकट आहे. हेल्थ तळाला गेलीय, गोळ्या मोजून दोन उरल्यात आणि समोरून डेथक्लॉ नावाचं शिंगवालं धूड धावत येतंय. ‘संपलो रे’ म्हणेपर्यंत गिटारची एक छोटीशी धून वाजते. लांब कोट आणि हॅट घातलेला एक माणूस कुठूनसा उगवतो, रिव्हॉल्व्हर काढतो, धाड! धूड आडवं. आपण थँक्यू म्हणायला वळावं, तर काका गायब.

‘फॉलआउट’ खेळणाऱ्यांना हे काका माहीत असतीलच. नुसती 2024 मध्ये आलेली वेबसीरिज पाहिली असेल, तर थोडक्यात सांगते. 23 ऑक्टोबर 2077 रोजी अणुयुद्ध होतं, अमेरिका बेचिराख होते आणि उरलेल्या उकिरड्यात आपण आपलं कॅरेक्टर जगवायचं. लेव्हल वाढली की एकेक खास गुण निवडता येतो. त्यातलाच एक म्हणजे ‘मिस्टेरियस स्ट्रेंजर’. हा गुण घेतला की हे काका अधूनमधून मदतीला येतात. अधूनमधून, हं! बोलावून येत नाहीत. आपलं नशीब आणि त्यांची मर्जी.

पण हे आहेत कोण? 1997 च्या पहिल्या गेममध्ये ते कॅलिफोर्नियात दिसतात. मग 2008 मध्ये वॉशिंग्टन, 2010 मध्ये मोहावीचं वाळवंट, 2015 मध्ये बॉस्टन. गेममधल्या कॅलेंडरनं मोजलं तर 2161 ते 2287, म्हणजे 126 वर्षांची सर्व्हिस. ना रिटायरमेंट, ना पेन्शन. ‘फॉलआउट 4’ मधला डिटेक्टिव्ह निक व्हॅलेंटाइन यांच्या मागावर आहे, त्यानं फाइलसुद्धा उघडलीय. पण केस काही सुटलेली नाही.

गेम बनवणाऱ्यांनी एक धागा मात्र सोडलाय. ‘न्यू वेगास’मध्ये रस्त्याकडेला गिटार घेऊन बसलेला एक भटक्या भेटतो. त्याचे वडील घर सोडून गेलेत. त्याच्याकडून मिळणारं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं की काकांचीच धून वाजते. म्हणजे मुलगा यांचाच असावा. असावा हं, कुणी ठामपणे सांगत नाही.

आमच्या खोलीला हे अर्धवट उत्तर पटेना. म्हणून सबमिशनच्या आदल्या रात्री (दुसरी कुठली वेळ असणार?) आम्ही काकांची जन्मकुंडली स्वतःच मांडली. ती अशी :

काका युद्धापूर्वी व्हॉल्ट-टेक कंपनीच्या कस्टमर केअरला होते. बॉम्बपासून वाचायला जमिनीखालचे व्हॉल्ट बांधणारी हीच ती कंपनी. 22 ऑक्टोबरच्या संध्याकाळी साहेब म्हणाले, ‘एवढ्या तक्रारी क्लोज करा, मग घरी जा.’ काका पडले सरळमार्गी. ‘हो साहेब’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी जग संपलं, पण पेंडिंग लिस्ट काही संपली नाही. आजही काका एकेक तक्रार निकाली काढत फिरताहेत. घरी जायची परवानगीच नाही ना! म्हणून तो पोरगा तिकडे रस्त्याकडेला गिटार वाजवत बसलाय.

हसू नका, पुरावे आहेत. नव्या गेम्समध्ये काका फक्त ‘व्हॅट्स’ वापरतानाच येतात. आणि ‘व्हॅट्स’मधला पहिला ‘व्ही’ कुणाचा? व्हॉल्ट-टेकचा! म्हणजे विक्रीनंतरची सेवा. दहा वेळा हाक मारली तर एखाद्या वेळी येतात, यावरून कस्टमर केअर हे खातं तर पक्कंच. व्हॉल्टमध्ये का राहत नाहीत? कारण कंपनीनं आपल्या माणसांना आत घेतलंच नाही. ‘फॉलआउट 4’ च्या सुरुवातीला दारोदार फिरून लोकांची नावं नोंदवणारा व्हॉल्ट-टेकचा सेल्समन आठवा. बॉम्ब पडताना त्यालाच गेटवर अडवलं होतं.

आमच्यातली एक मात्र अडून बसली. ‘तक्रार क्लोज केल्यावर कस्टमर केअरवाले रेटिंग मागतात. हे का नाही मागत?’

खोलीत शांतता. यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. मला मात्र एकदम ॲडमिशनचा दिवस आठवला.

कागदपत्रं तपासायची शेवटची तारीख. मी गावाहून एकटीच आलेली. खिडकीपलीकडून आवाज आला, ‘एक झेरॉक्स कमी आहे. पाच वाजता बंद.’ पावणेपाच झाले होते, झेरॉक्सच्या दुकानापुढे ही रांग! मी रडायच्या बेतात. तेवढ्यात मागून एक दादा म्हणाला, ‘दे इकडे.’ कागद घेऊन तो रांगेत पुढे घुसला, पुढच्यांच्या चार शिव्या खाल्ल्या, कॉपी आणून माझ्या हातात दिली. पैसे द्यायला पर्स उघडली, वर बघते तर दादा गायब. गिटार तेवढी वाजली नाही.

तो सीनियर होता की कुणाला सोडायला आलेला भाऊ, माहीत नाही. चेहराही आता धड आठवत नाही. पण आज मी ज्या खोलीत बसून हे लिहितेय, ती खोली त्या एका झेरॉक्सवर उभी आहे.

मी हे सांगितल्यावर बाकीच्यांनीही आपापले ‘काका’ बाहेर काढले. एकीला रात्रीच्या शेवटच्या एसटीत स्वतःची सीट देऊन दारापाशी उभी राहिलेली मावशी. दुसरीला व्हायव्हाच्या आधी आपलं जर्नल देऊन गेलेली अनोळखी मुलगी. नाव कुणालाच माहीत नव्हतं. रेटिंग कुणीच मागितलं नव्हतं.

म्हणून आमच्या कुंडलीत शेवटी एक दुरुस्ती झाली. काकांची लिस्ट केव्हाच संपलीय. साहेब नाहीत, कंपनी नाही, विचारणारं कुणी नाही. तरी ते येतात, कारण आता तेवढंच काम त्यांना येतं. निकच्या फाइलमध्ये नावाची जागा रिकामी राहिली, तर राहू दे.

परवा नव्या बॅचची ॲडमिशन सुरू होतेय. आम्ही चौघी पावणेपाचला झेरॉक्सच्या दुकानापाशी असू. कोट नाही आमच्याकडे. गिटार मात्र शेजारच्या खोलीत आहे, विचारून बघतो.