धुराला वाट हवी
(द्वितीय वर्ष, कला)

‘चिमणी’ म्हटले की आजीला रॉकेलची मिणमिणती चिमणी आठवते आणि मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्यांना गिरणीचे धुराडे. आज मात्र हा शब्द उच्चारताच ओट्यावर टांगलेले विजेचे यंत्र डोळ्यांपुढे येते. कला शाखेच्या विद्यार्थिनीने अशा यंत्राविषयी लिहावे याचे काहींना आश्चर्य वाटेल. परंतु माझे वडील, आमचे आबा, पूर्वी गवंडी होते आणि आता घरोघरी चिमण्या बसवितात. सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली जाते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा घरी मिळालेले हे ज्ञानही येथे मांडावे असे वाटले.

फोडणी दिली की तेलाचे सूक्ष्म थेंब, वाफ आणि उष्ण हवा वर चढते. चढता चढता ती पसरत जाते. म्हणून चिमणीची रुंदी शेगडीपेक्षा कमी असता कामा नये. दोन शेगड्यांना ६० सेंटिमीटर पुरतात, तीन-चार असल्यास ९० लागतात. शेगडी व चिमणी यांत साधारणपणे ६५ ते ७५ सेंटिमीटर अंतर ठेवतात. याहून उंच बसविली तर धूर वाटेतच पसरतो, खाली बसविली तर डोके आपटते. या दहा सेंटिमीटरांत नेमके माप कसे ठरवायचे? आबा प्रथम विचारतात, “इथं रोज उभं कोण राहतं?” मग त्या बाईंना ओट्यापाशी उभे करून भिंतीवर खूण करतात. घरातील कर्ते पुरुष रंग आणि किंमत ठरवून मोकळे झालेले असतात. ओट्यापाशी राबणारीला हा पहिलाच प्रश्न असतो.

चिमणीच्या आतील पंखा हवा ओढतो. वाटेतल्या जाळीत किंवा वळणदार पट्ट्यांत हवेला एकदम वळावे लागते. तेलाचे जड थेंब तसे वळू शकत नाहीत. ते पट्ट्यांवर आपटून खाली ओघळतात. उरलेली हवा नळीतून भिंतीबाहेर जाते.

खरी मेख या नळीतच आहे. बहुतेक चिमण्यांना ६ इंच व्यासाची नळी लागते. भोक लहान हवे म्हणून काहीजण ४ इंचांची नळी घालावयास सांगतात. परंतु नळीचे तोंड व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ३६ च्या जागी १६, म्हणजे वाट निम्म्याहूनही कमी! प्रत्येक काटकोनी वळणानेही ओढ मंदावते. म्हणून नळी आखूड व सरळ असावी, घडीची असल्यास पूर्ण ताणून बसवावी, आणि बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी आत येत नाही. तोंडाशी झडप असली की उलटा वारा आणि कबुतरे दोन्ही अडतात. भोक पाडताना तुळई व खांब यांना हात लावायचा नाही, कारण त्यांतील लोखंडी सळ्यांवर इमारत उभी असते.

भिंत फोडायची नाही, असा काहींचा आग्रह असतो. त्यांच्यासाठी कोळशाच्या गाळणीची, हवा पुन्हा घरातच सोडणारी चिमणी मिळते. तिने तेल व थोडा वास कमी होतो. वाफ आणि उष्णता घरातच राहते. केर काढून दाराआड लोटून ठेवावा, तसाच हा प्रकार! आणखी एक गोष्ट विसरली जाते. जितकी हवा बाहेर जाते तितकी आत यावी लागते. सगळ्या खिडक्या बंद असतील तर यंत्र नुसतेच घरघरते.

हाच नियम विजेशिवायही चालतो. नळीतील तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि चुलीतला धूर आपल्यामागे ओढते. वर्ध्याच्या मगनवाडीत तयार झालेल्या ‘मगन चुली’ला म्हणूनच धुराची नळी होती. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२ मध्ये तो थांबला. अनेक ठिकाणी नळ्यांत काजळी साचली, त्या साफ झाल्या नाहीत आणि धूर पुन्हा घरात वळला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली व पुष्कळ घरी गॅस पोहोचला. तरीही सिलिंडर संपला की खेड्यात आजही चूल पेटते. आमच्या गावच्या घरी पावसाळ्यात ओली लाकडे धुमसतात, तेव्हा आई पदराने डोळे पुसत भाकरी थापते. तिचा खोकला आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अशा धुराने फुप्फुसे अधू होतात हे आता सर्वमान्य आहे.

त्या घराला विजेची चिमणी परवडणारी नाही. पण चुलीवरची दोन कौले काढून पत्र्याची नळी आढ्याच्या वर नेणे आणि दर महिन्याला तिची काजळी झाडणे, एवढे करता येते. येत्या मे महिन्यात आबा आणि मी ते काम करणार आहोत. नळीची जागा कोठे असावी, हे मात्र आईला विचारूनच ठरेल.