इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि वाहनातील इंधननलिका

टाकीतील पेट्रोल इंजिनापर्यंत नेणाऱ्या नळ्या, त्यांचे जोड, क्लिपा व ओ-रिंगा मिळून वाहनाची इंधनवाहिनी बनते. कार्ब्युरेटरच्या वाहनात तिच्यातील दाब अल्प असतो. पेट्रोलच्या फ्युएल इंजेक्शन पद्धतीत मात्र तो साधारणतः 3 बार किंवा त्याहून अधिक असतो. अशा वेळी जोडातील सूक्ष्म दोषातूनही इंधनाचा फवारा उडून आगीचा धोका संभवतो.

भारतात 20 टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलची विक्री 2023 पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली व 2025 पर्यंत ती देशभर पोहोचली. ऊसउत्पादक महाराष्ट्रास हे धोरण लाभदायक होय. तथापि इथेनॉलचा रेणू ध्रुवीय असल्याने तो काही प्रकारच्या रबरात शिरतो. रबर फुगते, त्यातील मृदुकारक द्रव्ये निघून जातात आणि ते कोरडे पडल्यावर त्यास तडे जातात. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेत असल्याने ॲल्युमिनियम व जस्ताच्या भागांचे क्षरण वाढू शकते. फ्लोरोइलॅस्टोमर रबरावर हा परिणाम पुष्कळच कमी होतो.

म्हणूनच जुन्या वाहनाची नळी बदलताना केवळ व्यास जुळणे पुरेसे नाही. तिची दाबक्षमता व इथेनॉल सहन करण्याची क्षमता पाहणे, तसेच सैल क्लिपा व जुन्या ओ-रिंगा बदलणे आवश्यक ठरते. बंद वाहनाजवळ येणारा पेट्रोलचा वास हा बहुधा पहिला इशारा असतो. इंधन बदलले की ते वाहून नेणारे द्रव्यही तपासावे लागते, हे भान जुन्या दुचाकीच्या मालकापर्यंत पोहोचणे सुरक्षिततेच्या दृष्टीने अगत्याचे आहे.