टॅपेट सेट केले, आता बाईक टकटक करतेय? स्क्रू आवळण्याआधी हे वाचा

मंडळी, रविवारची सकाळ आणि बोरिवली नाहीतर मुलुंडच्या एखाद्या सोसायटीचं पार्किंग. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ लावून स्प्लेंडरचे टॅपेट सेट करतंय. गॅरेजचे पैसे वाचतात, हात काळे करायची हौसही भागते. मग किक मारली की इंजिनाच्या हेडमधून टक-टक-टक! आधी हा आवाज एवढा नव्हता. लगेच पुन्हा पाना हातात येतो आणि आवाज बंद होईपर्यंत स्क्रू आवळला जातो. बाईक गप्प होते, पण खरं नुकसान इथूनच सुरू होतं.

इंजिनात कॅम फिरतो, तो रॉकर हलवतो आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबून उघडतो. रॉकरचा स्क्रू आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्यात मुद्दाम बारीक फट ठेवलेली असते. मिलिमीटरच्या काही शंभरांशांइतकीच. ही फट जास्त झाली की स्क्रू व्हॉल्व्हवर आपटतो आणि टकटक ऐकू येते. फट उरलीच नाही तर आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण बंदही होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो सीटवर टेकतो तेव्हाच बाहेर जाते. टेकलाच नाही तर तो जळतो, कॉम्प्रेशन जातं आणि हेड उतरवावं लागतं. ज्याची रोजची डिलिव्हरी त्याच बाईकवर आहे, त्याचे तेवढे दिवस बुडाले. म्हणून हलकी टकटक परवडली, मुकं इंजिन नको.

मग आवाज आला कुठून? बहुतेक वेळा चूक असते पिस्टनच्या जागेची. मॅग्नेटवरची ‘टी’ खूण जुळवून टॅपेट सेट करतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण फोर-स्ट्रोक इंजिनात ती खूण एका चक्रात दोनदा येते. एकदा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, तेव्हा सेटिंग करायचं. दुसऱ्यांदा एक मिटत असतो आणि दुसरा उघडत असतो. त्या वेळी सेट केलंत तर व्हॉल्व्ह खरोखर बंद झाल्यावर फट भलतीच मोठी निघते. ओळखायचं कसं? खूण जुळल्यावर दोन्ही रॉकर बोटांनी हलवून बघा. दोन्हींत किंचित खेळ लागला तर जागा बरोबर. लागत नसेल तर इंजिन आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. (टॅपेट आधीच आवळून ठेवले असतील तर खेळ कुठेच लागणार नाही. तेव्हा आधी ते सैल करा.)

दुसरी चूक लॉकनटची. नट आवळताना स्क्रूही सोबत फिरतो, त्यामुळे नट घट्ट केल्यावर फिलर गेज परत घालून बघायलाच हवा. पात किंचित घासत सरकली पाहिजे. आणि हे सगळं इंजिन पूर्ण थंड असताना. अंधेरीहून ट्रॅफिकमधून तापून आलेल्या बाईकला लगेच हात लावू नका, रात्रभर उभी राहू द्या. फटीचा आकडा मात्र आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच घ्या, शेजाऱ्याच्या बाईकचा नाही.

एवढं करूनही आवाज असेल तर कान लावा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हेडवर आणि मूठ कानाशी, ही मेकॅनिकांची जुनी युक्ती आजही चालते (ओढणी, बाही फिरत्या भागांपासून लांब!). टॅपेटचा आवाज बारीक आणि नियमित असतो. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत व्हॉल्व्ह एकदाच उघडतो, म्हणजे आयडलिंगला १,४०० फेरे असतील तर मिनिटाला ७०० टकटक. स्प्लेंडरच्या डाव्या बाजूने खळखळ येत असेल तर टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर बघा. सायलेन्सर काढला होता का? त्याचं गॅस्केट नीट बसलं नसेल तर तिथून होणारी फटफटही हुबेहूब टॅपेटसारखी वाटते. आणि हो, ऑइलची पातळी. ती खरं तर सगळ्यात आधी बघायची.

आवाज इंजिनाच्या खालून, जड ‘ठक-ठक’ असा आणि रेस दिल्यावर वाढणारा असेल तर मात्र तो टॅपेटचा नाही. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं असू शकतं. इंजिन लगेच बंद करा, बाईक ढकलत गॅरेजला न्या आणि घरी काय काय उघडलं होतंत ते मेकॅनिकला न लाजता सांगा.